एकाच गावात सात रात्री

“दिवस सहावा : नाश्ता करून फ्लॉरेन्सकडे प्रयाण. दुपारी २ ते ५ शहरदर्शन, डेव्हिडच्या पुतळ्यासोबत फोटो. संध्याकाळी पुढच्या मुक्कामाकडे.”

आमच्या ग्रुपवर आलेलं हे एका सहल कंपनीचं पत्रक. दहा दिवसांत सहा देश, जैन जेवण उपलब्ध, शेवटच्या रात्री अंताक्षरी. मी फोन लावून विचारलं, डेव्हिड म्हणजे अकादेमिया संग्रहालयातला, मायकेलअँजेलोचा मूळ पुतळा ना? पलीकडचा मुलगा फार नम्र होता. म्हणाला, “मॅडम, टेकडीवरचा दाखवतो, तिथनं सगळ्या शहराचा व्ह्यू पण येतो.” आता टेकडीवरचा डेव्हिड म्हणजे ब्राँझची नक्कल. खाली सिन्योरिया चौकात उभा आहे तो संगमरवरी, पण तीही नक्कलच, १९१० साली बसवलेली. खरा १८७३ पासून छपराखाली आहे. त्याला भेटायचं तर आधी वेळ घ्यावी लागते, आणि तीन तासांत ते बसत नाही.

माझं आणि डेव्हिडचं जुनं आहे. १९८१ साली मी कोल्हापुरात चित्रकला शिकायला लागले, तेव्हा वर्गात एका उंच स्टुलावर प्लास्टरचा कान ठेवलेला असायचा. डेव्हिडचा कान. शेजारी त्याचंच नाक आणि एक डोळा, धूळ बसून राखाडी झालेले. तो कान आम्ही तीन आठवडे काढत होतो. सर मागून यायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि “भजी तळलीस” म्हणून पुढे जायचे. नंतर एकतीस वर्षं मी शाळेत पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलं, शेडिंग शिकवलं, पर्स्पेक्टिव्ह शिकवलं. पण पाहिला होता तो फक्त कान. बाकीचा माणूस, पाच मीटर सतरा सेंटिमीटरचा, राहूनच गेला.

तर ठरवलं, की गेलो तर नीट जायचं.

रंकाळ्यावर सकाळी फिरणारे आम्ही चौदा जण आहोत. वयं अठ्ठावन्न ते चौऱ्याहत्तर. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, बांधकामाची कामं घेणारे बापू, शिरोळकडचे ऊसवाले आण्णा, आण्णांच्या घरच्या म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, दोन निवृत्त नर्स, आणि दोन्ही गुडघे बदलून घेतलेल्या काकी, ज्या आमच्यात सगळ्यात जोरात चालतात. पत्रकावर सगळ्यांच्या माना हलल्या होत्या. मी म्हटलं, सहा देश नकोत. एकाच गावात सात रात्री राहू. बापू म्हणाले, “सात दिवस एकाच गावात? काय लग्नाला जायाचंय काय तिथं?”

त्यांची चूक नव्हती. आपल्याकडे सहल म्हणजे मोजदाद. किती ठिकाणं ‘झाली’, त्यावर पैसे वसूल झाले की नाही ते ठरतं. डेव्हिडचा कान त्यांना काय पटणार? उफिझी या तिथल्या चित्रसंग्रहालयातली बोत्तिचेल्लीची चित्रं मोबाइलवर दाखवली, तर साहेबांनी झूम करून बघितली आणि “छान आहेत” म्हणाले. माझ्या वर्गातली पोरं तास संपायच्या आधी म्हणायची तसं.

मग मी त्यांना छत्रीचं सांगितलं.

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठानं काशिने नावाची बाग आहे, तीन-साडेतीन किलोमीटर लांब. तिच्या अगदी पश्चिम टोकाला, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो तिथे, एक छत्री आहे. आपल्याकडच्या समाधीवर असते तशी, नक्षीच्या खांबांची. आत एका तरुण राजाचा अर्धपुतळा. तो राजा कोल्हापूरचा. राजाराम छत्रपती. १८७० साली इंग्लंडला गेले होते, परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि दहन हा प्रकार त्या शहराला ठाऊकच नव्हता. खास परवानगी काढावी लागली. बरोबरच्या लोकांनी संगमाची जागा निवडली. का निवडली, ते आपल्याला समजावून सांगायला नको. रात्री तिथे चिता पेटली. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा. हेच मँट पुढे आपल्या नव्या राजवाड्याचे वास्तुकार. त्या भागाला आजही लोक ‘इंदियानो’ म्हणतात. १९७८ साली जवळच मोठा पूल झाला, त्याचंही नाव ‘इंदियानोचा पूल’. त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असेल, की हा इंदियानो म्हणजे आपल्या भवानी मंडपातला.

साहेबांनी लगेच विचारलं, राजारामपुरीवाले? नव्हे. राजारामपुरीचे राजाराम महाराज नंतरचे, शाहू महाराजांचे चिरंजीव. हे आधीचे. यांना मुलगा नव्हता, म्हणून दत्तक आले. तेही तरुणपणीच गेले, मग पुन्हा दत्तक. १८८४ साली कागलच्या घाटग्यांच्या घरातून दहाव्या वर्षात असलेला यशवंतराव आला, तो शाहू महाराज झाला. म्हणजे हा वीस वर्षांचा पोरगा फ्लॉरेन्समधून धडधाकट परत आला असता, तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर कुणीच काही बोलेना. वहिनी पदर सावरत म्हणाल्या, “आणि तिथं आपलं कोण जातंय का दिवा लावायला?” मग म्हणाल्या, “मी येतो. सात रात्री तर सात रात्री.” वहिनी म्हणाल्या म्हणजे आण्णा आलेच. बापूंनी दोन दिवस घेतले.

तारीख त्या छत्रीनंच ठरवली. एप्रिल-मे चांगला, पण गर्दी आणि भाव दोन्ही आभाळाला टेकलेले. साहेब कॅलेंडर घेऊन बसले होते, म्हणाले, यंदा २०२६ चा ३० नोव्हेंबर सोमवारी येतो. मी उडालेच. सोमवारी उफिझी बंद, अकादेमियाही बंद. प्रत्येक कार्यक्रमात तो सोमवार कुठे टाकायचा म्हणून मी डोकं धरून बसले होते, तो आपसूक बसला. योगायोगाची आणखी एक गंमत. १७८६ साली याच ३० नोव्हेंबरला तिथल्या ग्रँड ड्यूकनं तोस्कानात, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, फाशीची शिक्षा रद्द केली, म्हणून हा दिवस तिथे तोस्कानाचा उत्सव म्हणून पाळतात.

नोव्हेंबरचे तोटे मी कुणापासून लपवले नाहीत. तिथे तो पावसाळी महिना. सकाळी चार-पाच अंशांची थंडी. आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे आपल्या चहाच्या वेळेला दिवस संपलेला. त्यामुळे उघड्यावरचं सगळं सकाळी, छपराखालचं सगळं दुपारनंतर, हा पहिला नियम. दुसरा नियम, दिवसाला एकच मोठी गोष्ट. ज्या दिवशी डेव्हिड, त्या दिवशी उफिझी नाही. हा नियम मोडायला सगळ्यात आधी मीच निघाले होते. माझ्या पहिल्या यादीत अठ्ठावीस ठिकाणं होती. साहेबांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “बाई, हे पत्रक आणि ते पत्रक, फरक काय?” झोंबलं. त्या रात्री बसून सोळा ठिकाणं काटली. पिसाचा मनोराही काटला, त्यावरून अजून दोघं माझ्याशी तुटक बोलतात.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात सुरुवातीपासून पक्की होती, की तिथे मीच सगळ्यांना समजावून सांगणार. चित्रासमोर उभं राहून, हातात छत्री धरून, शाळेतल्यासारखं. मग कळलं, की इटलीत गाइडला परवाना लागतो आणि बिनपरवान्यानं गटाला व्याख्यान देताना सापडलात तर दंड. आधी राग आला. मग वाटलं, बरंच झालं. जे काय सांगायचं ते इथेच सांगून टाकू, तिथे मी गप्प. उफिझीसाठी आणि सांता क्रोचे या चर्चसाठी तिथला परवानाधारक गाइड अर्धा-अर्धा दिवस घ्यायचा, बाकी सगळा अभ्यास घरूनच करून जायचा. म्हणून फेब्रुवारीपासून दर दुसऱ्या रविवारी माझ्या हॉलमध्ये वर्ग भरतो. चादरीवर प्रोजेक्टर, मधल्या सुट्टीत पोहे.

पहिल्या रविवारी मासाच्चो या चित्रकाराचं ‘त्रिमूर्ती’ (ख्रिस्ती लोकांची ‘ट्रिनिटी’) लावलं. सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या भिंतीवरचं, १४२७ च्या आसपासचं. क्रुसावर येशू, मागे देवबाप, आणि त्यांच्यावर एक कमानदार छत आत खोल खोल गेलेलं. प्रत्यक्षात भिंत सपाट आहे. सगळ्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर एका बिंदूत जाऊन मिळतात. मी फळ्यावर इतकी वर्षं जे रेल्वेचे रूळ आणि तारेचे खांब काढले, त्याच्या अगदी सुरुवातीच्या घरांतलं हे एक घर. मी दोऱ्या लावून दाखवायच्या आतच काकी म्हणाल्या, “भिंतीला भोक पाडल्यागत दिसतंय की वं.” साडेचारशे वर्षांपूर्वी वासारी या चित्रकार-लेखकानं या चित्राबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलंय. काकींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “त्याला पण दिसलं असंल.” आणि हाच वासारी असा, की त्यानं नंतर याच चित्रासमोर नवी वेदी उभारून ते झाकून टाकलं. १८६० पर्यंत ते कुणाला दिसलं नाही. म्हणजे आपले राजाराम महाराज तिथे पोचले, तेव्हा ते उघडं होऊन दहाच वर्षं झाली होती.

तिसरा रविवार बापूंचा. विषय घुमट. मी सुरुवात केली : फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट, काम १४२० ते १४३६, व्यास पंचेचाळीस मीटरच्या घरात, चाळीस लाखांवर विटा, आणि ब्रुनेलेस्कीनं तो खालून सेंट्रिंग न लावता बांधला.

“काय न लावता?” बापू खुर्चीतून पुढे आले.

सेंट्रिंग न लावता. इतक्या उंचीवर इतक्या रुंदीला पुरेल एवढं लाकूडच नव्हतं.

“बाई, तुम्ही चित्रं शिकवा. सेंट्रिंगशिवाय साधा सज्जा उभा राहत न्हाई.”

मी हेरिंगबोनच्या, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या, विटांच्या जुडाईचा फोटो लावला. बापू उठून चादरीपाशी गेले, इतके जवळ की घुमट त्यांच्याच पाठीवर पडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, वर्ग माझ्या यार्डात घ्या. आम्ही सगळे चालत त्यांच्या यार्डात गेलो. त्यांनी एक फळी तिरकी टेकवली, वर ओल्या मातीचा थर दिला आणि त्यावर विटांची एक ओळ आडवी मांडली. दोन मिनिटांत ओळ घसरून खाली. “बघा.” मग फोटोत होतं तसं केलं. दर तीन आडव्या विटांनंतर एक वीट उभी, तिचा निम्मा भाग खालच्या थरात रुतलेला आणि निम्मा वर डोकावणारा. आता आडव्या विटा दोन उभ्यांच्या मध्ये अडकल्या, कपाटात पुस्तकं अडकतात तशा. घसरल्या नाहीत. बापूंनी फळी आणखी उभी केली. राहिल्या. माती वाळायच्या आत प्रत्येक छोटा तुकडा आपापला तग धरतो आणि गोल पुरा झाला की तो स्वतःलाच आवळतो. पुढचा थर त्यावर चढवायचा. बापू उकिडवे बसून त्या पाच-सात विटांकडे बघत राहिले. म्हणाले, “ह्याचा मिस्त्री कोण हुता?”

मिस्त्री नव्हता, सोनार होता. ब्रुनेलेस्कीचं शिक्षण सोनारकामाचं. हे कळल्यावर बापूंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्याच दिवशी आण्णांनाही त्यांचा वाटा मिळाला. विटा-दगड वर चढवायला ब्रुनेलेस्कीनं बैलांचा रहाट केला होता. त्याला उलटा गियर, म्हणजे माल वर न्यायचा असो की दोर खाली सोडायचा असो, बैल एकाच दिशेनं चालत राहायचे. लहानपणी मोट हाकलेल्या आण्णांना याची किंमत मला सांगायची गरज पडली नाही. मोटेला बैल उतारावर पुढे जायचे आणि मग पावलापावलानं मागे आणावे लागायचे. “मागं आणतानाच सगळा जीव जातो जनावराचा आणि माणसाचा,” आण्णा म्हणाले, आणि मग अर्धा तास त्यांच्या वडिलांच्या बैलजोडीचं सांगत बसले. तो रविवार तिथेच संपला. प्रोजेक्टर हॉलमध्ये तसाच चालू राहिला होता.

त्या घुमटावर चढता येतं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, अरुंद जिना, आणि वाट घुमटाच्या दोन कवचांच्या मधून जाते. म्हणजे माणूस चक्क भिंतीच्या आतून चालतो. ठरावीक वेळेचं आरक्षण लागतं आणि एकदा घेतलं की बदलून मिळत नाही. चौदापैकी सात जण चढणार. छातीचा त्रास असलेल्या दोघांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असं नर्सबाईंनी परस्पर जाहीर करून टाकलंय. काकी चढायचं म्हणतात आणि मी अजून हो-नाही काही म्हटलेलं नाही. जे खाली राहतील ते कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात बसतील. तिथे गिबेर्ती या शिल्पकाराचे मूळ सोनेरी दरवाजे आहेत, सत्तावीस वर्षं खपून केलेले. बाहेर बॅप्टिस्टरीला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीला, लावलेत त्या प्रती. खरं सांगू? सात दिवसांतली सगळ्यात निवांत दोन तासांची जागा तीच आहे. कधीकधी वाटतं, आपणही खालीच राहावं.

सांता क्रोचेचा रविवार मात्र मला जड गेला.

तिथे मायकेलअँजेलोची, गॅलिलिओची, मॅकियाव्हेलीची थडगी आहेत, हे सगळ्या पुस्तकांत असतं. मला जायचंय ते चिमाबुए या जुन्या चित्रकारानं रंगवलेल्या लाकडी क्रुसासाठी. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोला महापूर आला. चिखल, त्यात तळघरांतल्या टाक्यांमधलं जळणाचं तेल मिसळलेलं, ते सगळं चर्चमध्ये, ग्रंथालयात, घरांत शिरलं. गिबेर्तीच्या त्या दरवाज्यांचे काही सोनेरी चौकोनही निखळून पडले होते. चिमाबुएचा क्रूस पाण्यात राहिला आणि त्याचा साठ टक्के रंग गेला. ठिकठिकाणची तरुण पोरं येऊन हातानं चिखल उपसत होती, पुस्तकं वाळवत होती. त्यांना तिथे ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. शहरात भिंतींवर पाणी कुठवर आलं होतं त्याच्या पाट्या आहेत.

आम्हाला पुराची पाटी काय ते सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये माझ्या घरात साडेचार फूट पाणी होतं. खालच्या खोलीत एका लोखंडी पेटीत एकतीस वर्षांत जपलेली मुलांची चित्रं होती, प्रत्येक बॅचमधली दोन-तीन. पाणी उतरल्यावर पेटी उघडली, तर आत एकच जाड लगदा. वरच्या कागदावर कुणाचं तरी जत्रेचं चित्र होतं, त्यातला पाळणा तेवढा ओळखू येत होता. मी ती पेटी तशीच कचऱ्याच्या ट्रॉलीत दिली. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

फ्लॉरेन्समधल्या लोकांनी त्या क्रुसाचं काय केलं, ते मला जवळून बघायचंय. दहा वर्षं काम चाललं. गेलेला चेहरा त्यांनी नव्यानं रंगवला नाही. जिथे रंग गेला तिथे बारीक बारीक रेघांचं जाळं भरलं, आजूबाजूच्या रंगांचंच, असं की लांबून डोळ्याला खुपत नाही आणि जवळ गेलं की इथे काहीतरी गेलंय हे स्पष्ट दिसतं. हे स्लाइडवर दाखवत असताना माझा आवाज फुटला, आणि साहेबांनी उठून पंखा वाढवला. पंख्याची काही गरज नव्हती.

बाकी तयारी कंटाळवाणी आहे, भराभर सांगते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी नव्वद युरो, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. एक युरो म्हणजे सरळ शंभर रुपये धरायचे, असा साहेबांचा हुकूम आहे. जुलैमध्ये चौदाही जण बोटांचे ठसे द्यायला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणार. वहिनी त्यालाही सहलच म्हणतायत आणि दशम्यांचा हिशेब आत्ताच सुरू झालाय. वहिनींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा निघाला. तो दुरुस्त करायला टाकलाय, आणि त्या एका कोऱ्या रकान्यापायी मी तीन रात्री झोपले नाही.

राहण्यावरून मात्र खरीखुरी भांडणं झाली. तिथे नन चालवतात अशी अतिथिगृहं आहेत, स्वच्छ, स्वस्त, रात्री ठरल्या वेळेला दार बंद. मला ती फार आवडली. पण स्वयंपाकघर वापरायला मिळत नाही, म्हणजे सकाळी पाचचा चहा नाही. मतदान झालं, तेरा विरुद्ध एक. आता स्टेशनजवळ स्वयंपाकघर असलेले दोन फ्लॅट बघून ठेवलेत. त्यात “दुसरा मजला” असं लिहिलं असेल तर तो आपला दुसराच, पण वर चढायच्या पायऱ्या जुन्या वाड्याच्या, म्हणजे आपल्या तिसऱ्याएवढ्या. लिफ्ट आहे का, हे आधी विचारा, भाडं मग. मोठी बस जुन्या गावात येत नाही, बॅगा फरसबंदीवरून ओढत न्याव्या लागतात, म्हणून माणशी एकच बॅग.

खाण्याचं फार अवघड नाही. ‘रिबोल्लिता’ म्हणून एक प्रकार आहे, पांढरा घेवडा, पालेभाजी आणि शिळा पाव एकत्र शिजवून घट्ट केलेला. शिळ्या भाकरीचा काला ज्यांना माहीत आहे त्यांना तो परका वाटणार नाही. तिथला पाव अळणी असतो, मीठ घालतच नाहीत. आणि गाड्यांवर मिळणारं ‘लांप्रेदोत्तो’ म्हणजे गाईच्या पोटाचा भाग, तेव्हा मटण समजून कुणी हात घालू नका, हे मी मटणवाल्या पार्टीला लेखी दिलंय. कांदा-लसूण चटणी वहिनी करणार. किती, ते विचारायचं धाडस कुणी केलेलं नाही.

मागच्या रविवारी सोमवारचा कार्यक्रम पक्का केला. ३० नोव्हेंबर. सकाळी ट्रामनं बागेच्या अलीकडच्या टोकाला जायचं आणि नदीकाठानं चालत पार शेवटापर्यंत. न जमणाऱ्यांसाठी टॅक्सी. छत्रीच्या चारही बाजूंना चार भाषांत लेख आहेत, त्यातला इंग्रजी साहेब मोठ्यानं वाचणार. वहिनी म्हणाल्या, फुलं शेवंतीची न्यायची. मी चौकशी केली होती. तिथे शेवंती हे स्मशानातलं फूल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या दिवशी कबरींवर वाहतात, कुणाच्या घरी चुकूनही नेत नाहीत. म्हणजे आम्हाला ती मिळेलही आणि विकणारीला काही विचित्रही वाटणार नाही.

मग आण्णांनी विषय काढला, पंचगंगेचं पाणी न्यायचं का?

सगळे एकदम बोलायला लागले. बापू म्हणाले, “ते पाणी आर्नोत ओतलं तर नदी घाण केली म्हणून आत टाकतील आपल्याला.” नर्सबाई म्हणाल्या, उकळून गाळून न्या. काकी म्हणाल्या, उकळलेलं पाणी कुणी समाधीवर घालतं का. मी म्हटलं, विमानात हातातल्या बॅगेतून शंभर मिलिलिटरच्या वर नेता येत नाही. साहेब म्हणाले, मोठ्या बॅगेत चालतं, आणि वहीत लिहून घेतलं : तांब्या, फिरकीच्या झाकणाचा, नग एक. पुढे ‘कोणाच्या बॅगेत’ असा रकाना आखलाय. तो अजून कोराच आहे, कारण चौदाही जण म्हणतायत, माझ्या.